डोळे मिटून दाबा

प्रिय धाकटे,

फोन करणार होते, पण फोनवर मी भाषण ठोकते आणि तू नुसतं "हं" म्हणतेस. म्हणून कागद घेतला. गुरुवारी तुझ्याबरोबर फिरून आल्यापासून जे डोक्यात घोळतंय ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी माझी फजिती. जुनं मोबाइल नेटवर्क महिनाअखेरीस बंद होणार, हे कळल्यावर पहिली आरोळी मीच ठोकली होती. लोकांच्या हरकती ऐकायला गेल्या महिन्यात सुनावणी ठेवली, तिथे वीस मिनिटं बोलले. जो समाज आपल्या म्हाताऱ्यांना मागे टाकून पुढे जातो तो पुढे जातच नाही, नुसता पळतो, असं म्हणाले. त्यातला एक शब्द आजही मागे घेणार नाही. सभागृह दणाणलं. मग अध्यक्षबाईंनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, "किती जण उरलेत आणि किती दिवस हवेत?" मी गरजले, "शेवटचा माणूस सुरक्षित होईपर्यंत!" पुन्हा टाळ्या. बाईंनी पेनाला टोपण लावलं. लिहून घ्यावं असं मी काही दिलंच नव्हतं. बोलणाऱ्याची अंबाडीही विकते म्हणतात. माझी त्या दिवशी तशीच घरी परत आली.

पुढच्या वेळी काळीज हलवणारं एखादं उदाहरण हाताशी असावं, एवढ्याचसाठी मी गुरुवारी तुझ्या मागे लागले. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तुमच्या मदत-केंद्राच्या त्या खोलीत तीन खुर्च्या, तीन टेबलं आणि पाय पसरायलाही जागा नाही. कुणा म्हाताऱ्याने गळ्यातलं बटण दाबलं की इथे फोन वाजतो, एवढंच मला माहीत होतं. त्या बटणाच्या पोटात जुन्या नेटवर्कचं सिमकार्ड असतं, हे तू सांगितलंस. नेटवर्क गेलं तरी बॅटरीचा हिरवा दिवा तसाच लुकलुकत राहणार, आणि दाबलं तर हाक कुणालाच ऐकू जाणार नाही! त्यावर बटणं पुरवणाऱ्या कंपनीची ती यादी. ज्या नंबरवरून वर्षभरात एकही फोन झाला नाही तो त्यांनी 'बंद' धरला आणि सूचनाही पाठवली नाही. त्या बंद नंबरांचे पत्ते तू एकटीने शोधून काढलेस. किती साधेपणाने म्हणालीस, "ताई, बटण गप्प आहे म्हणजे माणूस अजून पडला नाही. बंद कसला? तो धड आहे." मी आयुष्यभर गप्प बसणाऱ्यांना झोपलेले समजून हलवत आले. धाकटे, मी इतकी पुस्तकं वाचली, पण यादी अशी वाचायला मला कुणी शिकवलं नाही.

आणि तिसऱ्या मजल्यावरचे ते निवृत्त शिंपी. नव्या बटणाचा खोका त्यांच्या शिलाई मशीनवर न फोडता पडलेला. कंपनीच्या लेखी मात्र काम झालं, कारण खोका पोहोचला. जुन्याचा खटका मधोमध, नव्याचा कडेला. अकरा वर्षं त्यांचा अंगठा चाळा म्हणून त्या मधल्या खटक्यावर फिरतोय. तू नवं बटण त्यांच्या गळ्यात घातलंस आणि म्हणालीस, "आता डोळे मिटून दाबा." अंगठा मध्ये गेला. पुन्हा मध्ये. तू नुसती बसून होतीस. माझ्याच्याने राहवेना. "अहो आजोबा, कडेला! कडेला!" मी सुरू झाले, आणि नवं तंत्रज्ञान माणसाला कसं परकं करतं तेही सांगू लागले. त्यांनी एक डोळा उघडला. "बाई, तुमची सुई फार भरभर चालते, पण टाका पडत नाही. हिला बोलू द्या की." तू हसलीस. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाहीस, कारटे!

नवव्या खेपेला अंगठा बरोबर कडेला गेला. "बोला आजोबा, ऐकू येतंय," असा बटणातून आवाज आला आणि त्यांनी मान ताठ केली. मी असते तर काम तिथेच संपवलं असतं. तू त्यांना पलंगावर आडवं केलंस, उजवा हात अंगाखाली दबलाय असं समजायला सांगितलंस आणि डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. जिना उतरताना मी विचारलं तेव्हा एका दमात म्हणालीस: उरलेत त्रेसष्ट, दिवस एकोणीस, दिवसाला जास्तीत जास्त दोन घरं, म्हणजे पंचवीस जण राहून जाणार. माझ्या वीस मिनिटांत हे एक वाक्य नव्हतं.

आता पत्राचं कारण. सोमवारच्या सुनावणीत बोलणाऱ्यांच्या यादीतून मी काल माझं नाव खोडलं आणि तुझं घातलं. तुला न विचारता. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण ये. मला चारचौघांत बोलता येत नाही, असं म्हणशील. ते ठरवलं कुणी? मीच. डॉक्टर तुला विचारायचे, "कुठे दुखतंय?" आणि उत्तर मी द्यायचे. तू तोंड उघडलंस की वाक्य मी पुरं करायचं, आणि याला मी माया म्हणत आले. सोमवारी मी शेवटच्या रांगेत बसेन. तू मध्येच अडशील, शब्द शोधशील, लोक कुजबुजतील. मी उठणार नाही. अध्यक्षबाई विचारतील तेव्हा पंचवीस जण आणि दोन आठवडे, एवढंच सांग. घाई करू नकोस. तू थांबलीस की त्यांनाही थांबावं लागेल.

तुझीच,
थोरली