भिवा शिपायाची चिठ्ठी

३ मार्च
शेजारचे क्लॅरेन्स आज पहिल्यांदा घरी आले. सहा वर्षं लिफ्टमधल्या 'हॅलो'पुरती ओळख. अमेरिकन, काळे, वय ७६. बायको या देशातलीच, चिनी वंशाची. ती गेल्या वर्षी गेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी. वडिलांच्या बायबलात सापडली म्हणाले. "ही हिंदी आहे का?"
हिंदी नाही, मराठी! पेन्सिलीने लिहिलेली. 
"ह्याची गाडी बंद पडली. रात्रभर आमच्यात होता. पळाला नाही. आमच्या हातचं पाणी प्याला. भिवा, शिपाई, महार पलटण."
वर तारीख आहे, पण डागाळलेली.
वाचून दाखवलं. 'पळाला नाही' मला तीनदा म्हणायला लावलं.

४ मार्च
आज सगळं सांगितलं त्यांनी. वडील युद्धात ट्रक ड्रायव्हर, आसामातून ब्रह्मदेशात जाणाऱ्या रस्त्यावर. कंपनी फक्त काळ्यांची, राहणं-जेवण सगळं वेगळं; अधिकारी मात्र गोरे. एका रात्री परतले नाहीत. पळपुटा ठरवून लष्करातून काढलं. सकाळी ही चिठ्ठी दाखवली होती म्हणे. साहेब हसला, "हे कसलं गिरगटणं?"
गावात पुन्हा मान वर करून चालले नाहीत. ठपका पुसावा म्हणून क्लॅरेन्सनी अमेरिकन लष्कराकडे अर्ज केलाय. पुढच्या महिन्यात सुनावणी. भाषांतर मी करायचं.

७ मार्च
तारखेचा घोळ. गाठ दिसते, शेपूट दिसतं, मधलं पुसलंय. १ की ९? लष्कराच्या नोंदीत वडील परतले ती सकाळ ९ तारखेची. मोबाइलवर मोठं करून पाहिलं, खिडकीत धरून पाहिलं. इराचा बाबा सुहास हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून आल्यावर त्यालाही दाखवलं. तो म्हणाला १. मग म्हणाला ९. मग, "मला नको विचारू."
इरा, इथल्या पोरांच्या इंग्रजीत : "आई, जस्ट राइट नाइन लाह. हू विल नो?"
खरंच, कोणाला कळणार आहे?

८ मार्च
क्लॅरेन्सनी आज विचारलं, "पाणी प्याला, हे मुद्दाम का लिहिलं?"
सांगावं लागलं. महारांच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. म्हणून त्यांची पलटणही वेगळी. इंग्रजीत सांगताना जीभ अडखळत होती.
"म्हणजे तेही आमच्यासारखेच."
"हो."
"आणि तुमच्या घरचे? ते प्यायले असते?"
मी नाही म्हणाले. आजोळी गोठ्याच्या कोनाड्यात महारांसाठी वेगळा कप असायचा, कान तुटलेला. तो मी पाहिलाय. विसळलासुद्धा नाही कधी, हात लावायचा नसे. हेही सांगितलं.
क्लॅरेन्सनी चिठ्ठी पिशवीत ठेवली. मग, "थँक यू फॉर टेलिंग मी." एवढंच. चहा तसाच राहिला.

११ मार्च
भाषांतर टाइप केलं. ९ लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. भिवाने जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं, आणि त्याच्या नावावर मी...
शेवटी : 'अंक अस्पष्ट. १ किंवा ९.' सही केली.
कागद देताना क्लॅरेन्स म्हणाले, "नऊ नाही का वाटत तुम्हाला?"
"वाटतं. पण दिसत नाही."
त्यांनी दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२ एप्रिल
तीन आठवडे क्लॅरेन्सची लिफ्टमध्येही भेट नाही. आज मार्केटहून येताना खाली बाकावर बसलेले दिसले. सुनावणी झाली, व्हिडिओवर. पाठवलेली मूळ चिठ्ठी लष्कराने ठेवून घेतलीय. तारीख पटत नाही. मूळ भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ म्हणाले. किती दिवस लागतील, सांगितलं नाही.
"तो दुसरा माणूस काय वाचेल?"
मी भाजीची पिशवी खाली ठेवली.
"त्या भिवाच्या घरचं कोणी असेल का?"
गाव नाही, आडनाव नाही. कुठे शोधू, कोणाला विचारू?
मी शेजारी बसून राहिले. त्यांनी उठा म्हटलं नाही.