बुंधा स्पष्ट, मुलगी धूसर

नॉर्डबी, मिनेसोटा
९ ऑगस्ट १९८७

प्रिय अर्डिस मावशी,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र शनिवारी मिळाले. आई चर्चमध्ये कॉफीला गेली होती, म्हणून निवांत वाचता आले. इकडे सर्व ठीक आहे. मका डोक्यावर गेला आहे आणि मळ्यात झुकिनीची भाजी इतकी आली आहे की लोक ती एकमेकांच्या मोटारींत न विचारता ठेवून जातात.

मी पाठवते ते फोटो खूप सुधारले, असे तू लिहिलेस आणि पुढे विचारलेस, "आता आणखी काय हवे आहे तुला?" त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागून सांगावे लागेल.

शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे, मोकळ्या हवेत काढलेले हे फोटो सगळीकडे सारखेच, असे म्हणून तू ते बाजूला ठेवशील अशी मला भीती होती. तू मात्र जूनमध्ये प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून पाठवलेस. झाडाखाली चेहऱ्यावर कवडसे पडतात, तेव्हा सावलीच्या कडेला, आकाशाकडे तोंड करून बसव. क्षितिजाची रेघ मानेतून जाऊ देऊ नकोस. हात मनगटावर कापू नकोस. आणि बहुतेकांवर एकच वाक्य: 'डोळे धूसर, कॉलर स्पष्ट, फोकस पापण्यांवर आण.'

ते सर्व मी केले. कॅमेरा तिपाईवर असतो. आई मुलाची कॉलर नीट करायला पुढे जाते, तेवढ्यात मी लेन्सची फोकसची रिंग किंचित फिरवते. मग ती परत येऊन बटण दाबते.

होय, फोटो आई काढते. मी 'आमच्या स्टुडिओचे' असे लिहिले होते. तू ते माझे समजलीस.

तिची जीभ अजून तशीच आहे. परवा क्वामांच्या जोलीनला धान्याच्या कोठारापाशी उभे करून म्हणाली, "दात दाखव गं, ते सरळ करायच्या तारांपायी तुझ्या बापाने ट्रॅक्टर घेतला नाही." जोलीन हसली आणि तेवढ्यात फोटो निघाला. तो पाहून तिचे वडील 'वाईट नाही' म्हणाले. आपल्याकडे याहून मोठी स्तुती नसते. आई दिवसभर गुणगुणत होती.

आणि तिथेच माझी कोंडी आहे. फोटो सुधारले तशी गिऱ्हाइके वाढली, शेजारच्या गावांतूनही येऊ लागली. आईने पाने रंगेपर्यंतच्या, पार ऑक्टोबरच्या वेळा देऊन टाकल्या आहेत. माझे विद्यापीठ सप्टेंबरात सुरू होते. वसतिगृहात खोली मिळाल्याचा कागद तिने फ्रिजवर लावला, पण त्याविषयी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. तुझी एकेक सूचना मी पाळते, आणि दर सूचनेगणिक घराबाहेरचे दार माझ्यासमोर थोडे अधिक लोटले जाते.

एका फोटोमागे तू लिहिले होतेस: 'बुंध्याची साल रेघ न् रेघ स्पष्ट, मुलगी धुक्यात. काढणाऱ्याने हिच्याकडे पाहिलेलेच नाही. ही कोण?'

मावशी, ती मी आहे.

गेल्या शरदात आईने तो काढला आणि शाळेच्या वार्षिक अंकात छापला गेला. गावातल्या प्रत्येकाने तो पाहून 'वेगळा आहे हं' असे म्हटले. 'वेगळा' म्हणजे आपल्याकडे 'वाईट', हे तुला सांगायला नको. आईलाही सांगायला नको. "वारा फार होता," एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून ती अंधार पडल्यावर मोटार चालवत नाही. प्रार्थनेचे पुस्तक न उघडता पाठ असलेलेच म्हणते. डोळ्यांच्या डॉक्टरांचे नाव काढले की तिला ओव्हनमधला केक आठवतो.

रिंगेचे तिला कळत नाही, असे मला वाटत होते. गेल्या आठवड्यात एका मुलाच्या कॉलरवर हात ठेवून, पाठ माझ्याकडे असतानाच तिने विचारले, "झालं?"

"काय झालं?" मुलगा म्हणाला.

ती वळली नाही. तशीच उभी राहिली.

"झालं," मी म्हटले. मग ती आली.

आता ती कॉलर जरा जास्तच वेळ नीट करते, कॉलर नसलेल्या मुलांचीसुद्धा. त्या वेळात मी काय करते हे आम्हां दोघींना ठाऊक आहे, आणि त्यावर बोलण्याची या घरात रीत नाही.

राज्याच्या छायाचित्रकारांच्या मेळाव्यात तू परीक्षक म्हणून तिच्या फोटोतले दोष सर्वांदेखत सांगितलेस, तेव्हापासून तुम्ही बोलत नाही. तुला एक ठाऊक नसेल. दुसऱ्याच वर्षी तिने तो फोटो तुझ्या शब्दाशब्दाप्रमाणे पुन्हा काढला. जेवणघरात तोच टांगलेला आहे. इतर कुणाचे तिने असे ऐकलेले मला आठवत नाही.

मला हवे आहे ते एवढेच: आता पत्र मला नको, तिला लिही. सौम्य करू नकोस. फोटोंत जे दिसते आणि जे तिला दिसत नाही, ते सरळ लिही. माझी बाजू मांडू नकोस. ती मांडलीस तर तिला कट वाटेल.

पाकीट ती माझ्याच हातात देईल, कारण हल्ली पत्रे मीच तिला वाचून दाखवते. माझ्या मनातले मला तिच्यापुढे बोलता येत नाही. लिहिलेले मात्र मी न अडखळता वाचते. त्यातला एकही शब्द मी गाळणार नाही, हे वचन देते.

तुझ्या शब्दांना आवाज द्यायला थांबलेली,
तुझी भाची
कर्स्टन