धुरकट काच

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकशील. फोनवर तू हूं-हूं करून वेळ मारून नेतोस, म्हणून लिहायला बसले.

गॅरेज चालू आहे, म्हणजे शटर रोज उघडतं. अपघातानंतर तुटलेले टॅक्सीवाले परत आले नाहीत ते नाहीतच. हल्ली काचा पुसायचं, वायपर बदलायचं असलं किरकोळ काम येतं. परवा एका मास्तरांना समजावत होते की काच बाहेरून नाही, आपल्याच श्वासाने आतून धुरकटते. एसी लावा, झोत समोरच्या काचेवर सोडा, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या, काच आतून स्वच्छ ठेवा. आणि दोन मिनिटं थांबा. हेच तुला शिकवलं होतं, तेव्हा तू म्हणालास, ताई, तुझं प्रवचन आवर.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या पावसाळी सकाळी अण्णांना दवाखान्यात तपासणीला न्यायचं होतं. तुला उशीर झाला होता. गाडी उभ्या ट्रकवर गेली, अण्णा जागीच गेले, आणि पोलीस यायच्या आत तू सगळ्यांना सांगून मोकळा झालास की ब्रेक लागला नाही, आदल्या दिवशी ब्रेकचं काम ताईनेच केलं होतं.

गाडी ओढून माझ्याच दारात आणली. मी रडत रडत चाकं उतरवली. ब्रेक ठणठणीत होते रे. मग आत बसले. काच तडकली होती, पण जागेवर होती. तिच्यावर फुंकर मारली तर ओल्या मळात तुझ्या पंजाने पुसलेली जागा उमटली, जेमतेम ताटलीएवढी. एसी बंद, आतली हवा फिरवायचं बटण दाबलेलं. तेवढ्याशा भोकातून बघत तू अण्णांना घेऊन निघाला होतास.

आईला सांगितलं. ती म्हणाली, तुझा बाप गेला, आता भावालाही घालवू नकोस. मी गप्प बसले. तुझी नोकरी नवी, पोर लहान. वाटलं, तेराव्यानंतर तू स्वतःच येशील. तू आलास तो गाडी भंगारात द्यायची सही घ्यायला. मान खाली घालून सही घेतलीस आणि चहासुद्धा न पिता गेलास. आई शेवटपर्यंत माझ्या हातचं जेवली, पण लोकांसमोर माझी बाजू एकदाही घेतली नाही. तिच्यावरचा राग मला अजून गिळता येत नाही. तुझ्यावरचा तर मी गिळायचा प्रयत्नही सोडला आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल तुझी मुलगी आली होती. शिकाऊ लायसन्स दाखवलं, म्हणाली, आत्या, गाडी मला तूच शिकव. मी हरखून गेले. मग तिने माझा हात धरून हळूच सांगितलं, तुझ्याकडून ब्रेक सैल राहिले ना, त्याबद्दल मी तुला कधीच माफ केलंय. पोर खरंच मनापासून बोलत होती. मी तिला काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी ती पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसणार आहे. त्याआधी तिला तू सांग. नाही सांगितलंस, तर मी सांगेन, आणि मग ती तुला माफ करते की नाही ते तुझं तू बघ.

तुझीच, अजूनही,
ताई