उजवीकडचं बाहेरचं चाक

मुंढवा, पुणे
९ जानेवारी २००३

चि. बद्रीनाथ भावजी यांस,
वहिनीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्याकडे बर्फ पडत असेल, जपून राहा. दीपमालाचं बारावीचं वर्ष, पुढे कंप्युटरच करायचं म्हणते. करू दे. या घरात कंप्युटरवाल्याचा शब्द कसा झेलतात, ते ती लहानपणापासून बघते आहे.

तुमचं पत्र मिळालं. पुढच्या महिन्यात पुण्याला येताय, पण उतरणार सदाशिव पेठेत, सासुरवाडीला. दादाने बोलावल्याशिवाय मुंढव्याला पाय ठेवणार नाही म्हणता. छान! आणि इकडे हे तसलेच. तुमचा फोन आला की म्हणतात, "सांग, झोपलोय." भरदुपारी. आठ महिने झाले, सख्ख्या भावांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नाही.

यांच्या पायाचं विचारलंय. हाड जुळलं, पण गुडघा वाकत नाही. उजवा पाय, म्हणजे ब्रेकचा. तेव्हा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे आणि सीटवर कोंबड्या बसतात. एकीने तिथेच अंडी घालायला सुरुवात केली आहे. मंडईत भाजी मीच घेऊन जाते, पहाटेच्या टेम्पोने. हे घरी बसून टीव्ही बघतात आणि चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावर ओरडतात. मी ऐकून घेते. पूर्वी घेत नव्हते.

सासूबाई गेल्या तेव्हा तुम्हाला सुट्टी नव्हती. आठ महिन्यांनी आलात ते फोटो घेऊन. तिकडच्या बागेतले छोटे ट्रॅक्टर, मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं. आपला कालव्याकडचा तुकडा पाझराने कायम ओला, ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरायची, त्यामुळे यांना ते फोटो म्हणजे प्रसादच वाटला. नाना पेठेत कासिमभाई मिस्त्रींकडे चकरा सुरू झाल्या. मे महिन्यात ते चाकं बसवायला स्वतः आले. मी बघितलं आणि म्हटलं, "अहो, नांगरताना उजवं चाक नांगराच्या आधीच्या तासात चालतं ना? ही एवढी रुंद जोडी त्या चरात मावणार कशी?"

हे कासिमभाईंकडे बघून हसले. "बद्रीने दाखवलंय. तू आपल्या मेथीच्या जुड्या बांध."

बांधल्या.

आता हे म्हणतात, बद्रीने अर्धवट सांगितलं. तुम्ही लिहिता, मी वहिनीजवळ निरोप ठेवला होता, दादाने ऐकलं नाही. त्या निरोपाचंच लिहायला बसले होते. उगाच कोंबड्यांचं लिहीत राहिले.

तुमचा फोन आला तेव्हा हे उरलेले बोल्ट आणायला नाना पेठेत गेले होते. तुम्ही म्हणालात, "दादाला सांगा, जोडचाकं ओढायला ठीक आहेत. पण नांगर जोडला की उजवीकडचं बाहेरचं चाक काढायचं. विसरू नका हं वहिनी." आणि ठेवून दिलात. आदल्याच दिवशी सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं होतं. दोन वर्षं मी त्यांचं अंथरूण धुतलं. त्याबद्दल एक अक्षर नाही. चाकाबद्दल मात्र अमेरिकेतून फोन.

मी विसरले नाही, भावजी. शब्दन्‌शब्द लक्षात होता. मी यांना सांगितलंच नाही.

मी बोलले तर मूर्खपणा, आणि तेच तुम्ही बोललात की शहाणपण! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हटलं, रुतू दे एकदा. चार लोकांत फजिती होऊ दे दोघा भावांची. मग आठवेल हेमा काय म्हणाली होती ते. दुसऱ्या दिवशी मी बांधावर जाऊन उभी राहिले, मुद्दाम, फजिती बघायला.

ट्रॅक्टर रुतला नाही. बाहेरचं चाक नुकत्या उलटलेल्या ढेकळांवर चढलं, आतलं अधांतरी राहिलं. सगळा भार बोल्टांवर आला आणि ते तुटले. ट्रॅक्टर उजवीकडे धाडकन बसला, हे खाली फेकले गेले आणि पाय चाकाखाली गेला. पडल्या पडल्या यांनी मलाच हाक मारली.

दवाखान्यात हे तुम्हाला शिव्या देत होते आणि मी यांच्या पायाला वारा घालत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मग रोज वाटायचं, आज नको.

तुमची माफी मी मागणार नाही. तुमच्यावरचा माझा राग खरा होता, अजूनही आहे. माफी यांची मागायची आहे, आणि ती तोंडाने मागायची माझी छाती होत नाही.

डॉक्टरांनी यांना रोज काठी घेऊन पोस्टापर्यंत चालायला सांगितलंय. आज हे पाकीट न चिकटवता यांच्याच हातात देणार आहे. म्हणणार आहे, आधी वाचा, मग टाकायचं की नाही ते ठरवा.

पत्र तुम्हाला मिळालंच, तर समजा, यांनी वाचूनही ते पेटीत टाकलं. मग सदाशिव पेठ वगैरे काही नको. विमानतळावरून सरळ घरी या.

घरात असले तर दार मीच उघडेन.

हेमा