आज माझा सोमवार

माय, आज सोमवार आहे आणि मी जेवले. श्रावणातला सोमवार, आणि तुझी लेक सकाळी पोरीसमोर ताट घेऊन बसली, भाकर मोडून खाल्ली. तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास, निदान लोकांसमोर तरी. पण तू नाहीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाजही मला नीट आठवत नाही, नुसती हाक आठवते. आणि असतीस तरी तुला वाचता कुठे येत होतं? तरी लिहिते आहे. शिवणाची मापं घेते त्या वहीतलं पान फाडून बसले आहे, कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. दुसऱ्याला आधी सगळं समजावून सांगावं लागेल. तुला नाही लागणार.

घर कसं चालतं ते आधी सांगते, तू पहिलं तेच विचारलं असतंस. आर्णीला आम्ही दोन खोल्यांत राहतो. तुझा जावई मालाचा ऑटो चालवायचा. मागल्या वर्षी त्याचा पाय मोडला, ऑटो विकला, आता एका दुकानात अर्धा दिवस बसतो. मी ब्लाउज शिवते. लग्नसराईत बरं असतं, पावसाळ्यात मशीनवर धूळ बसते. आठवडी बाजाराला मी बाजार उठायच्या वेळी जाते. भाजीवाल्या बायकांना घरी जायची घाई असते, उरलेली वांगी सांगू त्या भावात देतात, किडकी काढून टाकली तरी दोन वेळचं होतं. तुरीची डाळ आख्खी घेत नाही, मिलमधली चुरी घेते, वरणात कोणाला कळतं? पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो, ती भाजी फुकट. सिलिंडर पाहुणे आले तरच पेटवायचा, एरवी मागे अंगणात चूल आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. आणि भाजी तिखट करायची, म्हणजे पुरते. हे तूच शिकवलंस. लहान असताना मला वाटायचं तुला तिखट आवडतं.

पण तुझी खरी बचत यातल्या कशातच नव्हती.

मुकुटबनचं आपलं घर आठवतं. चुलीच्या बाजूला तू, समोर बाबा, धाकटा भाऊ आणि मी. बाबा जिनिंगात कापसाच्या गाड्या खाली करायचे. जिनिंग दिवाळीनंतर चालू व्हायचं, उन्हाळ्यात बंद पडायचं, आणि पावसाळाभर बाबांच्या हाताला काही नसायचं. तुला कोणी वावरातलं तण निंदायला बोलावलं तर तेवढंच. साऱ्या गावाचे देव आषाढीला झोपतात, तुझे मात्र तेव्हा जागे व्हायचे. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा, मध्ये एकादशी, चतुर्थी. दिवाळी झाली, जिनिंगचा भोंगा वाजला की एकेक देव कमी होत जायचा. थंडीत फक्त चतुर्थी उरायची. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला काही कळलं नाही. लोकांच्या उपासाला साबुदाणा लागतो, भगर लागते, शेंगदाण्याचा कूट लागतो. तुझ्या उपासाला काळा चहा लागायचा. तो पिऊन तू दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचीस.

एकदा मी भात वेळून त्याचं पाणी मोरीत ओतायला गेले. तू हातातलं काम टाकून उठलीस आणि माझ्या मनगटावर अशी चापट मारलीस की भाताचा गंज हातातून सुटता सुटता राहिला. "फेकू नोको ते. अन्न आहे." मी रडत कोपऱ्यात बसले. थोड्या वेळाने पाहते तर तू त्यात मीठ टाकून, आमच्याकडे पाठ करून, उभ्या उभ्या पीत होतीस. तो शनिवार होता. मी विचारलं, "माय, उपासाले चालते काय हे?" तू तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "पाण्याले कायचा उपास वं." मला ते पटलं. किती सहज पटलं, याचं आता आश्चर्य वाटतं.

आणि ते महालक्ष्म्यांचं जेवण. किराणा दुकानदाराच्या घरी दर वर्षी महालक्ष्म्या बसायच्या आणि सवाष्ण म्हणून तुला मान असायचा. इतकी नेमाची बाई गल्लीत दुसरी नव्हती ना. मी तुझं बोट धरून आलेली आहे. आत पंगत बसली आहे, पानावर पुरणपोळी, कटाची आमटी, आंबील, भाज्यांची रांग, आणि तुपाचा वास अंगणापर्यंत येतो आहे. त्या वर्षी जेवणाचा दिवस सोमवारी आला. तू पाटावर बसलीस, कुंकू लावून घेतलंस, आणि वाढणारी तुझ्या पानाशी वाकली तशी घरातली काकू म्हणाली, "अवो, यायले नका वाढू. यायचा सोमवार आहे, मले पाप नाही घ्यायचं. चहा द्या, केळं द्या." बाया हसल्या, कौतुकाने. तू वर पाहिलंस, मग खाली पाहिलंस आणि म्हणालीस, "हो ना, आज माहा सोमवार." केळंसुद्धा तू खाल्लं नाहीस, भावासाठी पदरात ठेवलंस. पंगत उठेपर्यंत भरल्या पानांच्या मध्ये तू रिकामं पान घेऊन बसून होतीस. एक शब्द बोलली असतीस की आज मोडते, तर त्यांनी आनंदाने वाढलं असतं. पण मग पुढच्या सोमवारी घरात काय सांगणार होतीस? काकूने पोळ्या बांधून दिल्या. त्या आम्ही घरी आल्यावर दारातच ओढून खाल्ल्या. बाबांनीही खाल्ल्या. "मले तं वासानंच भरल्यासारखं झालं," तू म्हणालीस.

मी दहावीत होते त्या भादव्यात तू वावरात निंदता निंदता खाली बसलीस ती उठली नाहीस. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली आणि बाबांना विचारलं, बाई खाते काय? बाबांनी मान ताठ करून सांगितलं, "साहेब, लय देवाची बाई आहे. उपास लय करते." डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं. बाटल्या लावल्या, रक्त चढवलं, पण तुझ्या अंगात ते धरून ठेवायलाही काही उरलं नव्हतं. दसऱ्याच्या आत तू गेलीस. तेरवीला बाबांनी उसनवारी करून गाव जेवू घातलं. बुंदीचं ताट घेऊन बाया म्हणत होत्या, असं मरण पुण्यवान बाईलेच येते. बाबाही शेवटपर्यंत हेच सांगत राहिले. त्यांना वेगळं काही सांगावं असं मला कधी वाटलं नाही, कारण वेगळं काही असेल हेच मला माहीत नव्हतं.

ते कळलं मागल्या वर्षी, तुझ्या जावयाचा पाय मोडला तेव्हा. पोरगी आणि धाकटा बाबू ताटावर बसले होते, तो पलंगावर पाय लांब करून, आणि मी गंजात पळी घातली तर वरण तिघांपुरतंच होतं. भाकरीही तशाच. मी काही ठरवलं नव्हतं, माय. तोंडातून आपोआप निघालं, "तुम्ही जेवा. आज माझा सोमवार आहे." तो म्हणाला, "कव्हापासून?" मी म्हटलं, "आजपासून." त्याने भिंतीवरच्या महादेवाला हात जोडले. त्याला वाटलं बायको त्याच्या पायासाठी धरते आहे. त्याचे डोळे भरून आले आणि माझ्या हातात पळी तशीच राहिली, कारण त्या घटकेला तू मला आख्खी कळलीस. मोठी लबाड बाई होतीस तू. मला तुझा राग आला, रडण्याआधी रागच आला. आम्हाला सांगितलं असतंस तर आम्ही अर्धी अर्धी भाकर कमी खाल्ली असती, पोळ्यांसाठी दारात भांडलो नसतो. पण आम्ही कमी खावं हेच तुला नको होतं. मलाही नको होतं. म्हणून मीही कोणाला सांगितलं नाही. सोमवारला गुरुवार जोडला, मग शनिवार. उपास म्हटला की कोणी आग्रह करत नाही, कोणी ताटात डोकावत नाही, वरून मान मिळतो.

आता नातीचं सांगते. ती यंदा नववीत गेली. तुझ्यासारखी हनुवटी आहे, तुझ्यासारखीच कमी बोलते. शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि एका गुरुवारी सकाळी म्हणाली, "मम्मी, आज माहा बी गुरुवार आहे." मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. आजकालच्या पोरी असं काही करत नाहीत. शेजारणीला सांगितलं, ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायांना सांगितलं. पोरीने पुढे सोमवार धरला, शनिवारही धरला. डब्याचं पीठ वाचत होतं ते माझ्या हाताला कळत होतं, डोक्याला कळत नव्हतं.

मागल्या आठवड्यात शाळेत पोरींचं रक्त तपासायला नर्सबाई आल्या होत्या. मला बोलावून घेतलं. पोरगी बाजूला उभी, ओठ पांढरे. बाईंनी विचारलं, "रक्त फार कमी आहे हो हिचं. खाते काय ही?" आणि मी म्हटलं, "लय देवाची आहे बाई. उपास करते."

बोलून गेले आणि कानात बाबांचा आवाज आला. तोच सूर, तीच ताठ मान. पोरगी खाली पायांकडे पाहत होती. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या, अंडी द्या, गूळ-शेंगदाणे द्या म्हणाल्या. मी हो हो म्हणत बाहेर आले. रस्त्याला लागलो. मग मी विचारलं, "कायले धरते तू उपास? खरं सांग."

"आठवीपर्यंत शाळेत खिचडी होती," ती म्हणाली. "आता नाही भेटत. माह्या डब्याले भाकरी लागते. मंग रात्री पप्पाले अन बाबूले पुरत नाही."

"तुले कोण म्हणलं पुरत नाही? मी तं देवासाठी धरते."

ती थांबली. "मम्मी, तू उपासाच्या दिवशी भाताचं पाणी पेते. मीठ टाकून. पाठ करून." आणि मग तिने मला तोच, मी तुला विचारलेला प्रश्न विचारला, "उपासाले चालते काय ते?"

पाण्याले कायचा उपास, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिला ते पटलं नसतं. मी ज्या वयात मुकाट्याने ऐकून घेतलं, त्या वयात हिने सगळं पाहून ठेवलं होतं, आणि पाहून काय केलं, तर माझ्या शेजारी येऊन उपाशी बसली. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी तिच्यावर ओरडले. तुझी नात ऐकून घेत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तू खाशीन तं मी खाईन."

असं ठरलं. उपास बंद, दोघींचेही. तू वाचली नाहीस, ही वाचली पाहिजे, मला दुसरं काही नको. म्हणून आज सकाळी तिच्या शाळेच्या वेळेआधी आम्ही दोघी समोरासमोर बसलो. भाकर, तरोट्याची भाजी, जवसाची चटणी. ती स्वतःच्या ताटाकडे पाहतच नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी घास घेतला की ती घ्यायची. मी मोठमोठे घास घेतले, चावले, पाणी प्यायले, बरं लागलं म्हटलं. ती हसली. फार दिवसांनी हसली.

हे मी कोणाला पाठवणार? उद्या चूल पेटवताना हा कागद कामी येईल, पऱ्हाट्या पावसाने ओल्या झाल्या आहेत. पण जाळण्याआधी उरलेलं सांगून टाकते.

ती चटणी घ्यायला वळली तेव्हा मी अर्धी भाकर पदराखाली घेतली होती. ती शाळेत गेल्यावर टोपल्यात परत ठेवायला गेले, फडकं उचललं. खालच्या घडीत आधीच एक अर्धी भाकर होती. मी तिच्यासाठी पाणी आणायला उठले होते, तेवढ्यातच ठेवली असणार. मी माझी अर्धी तिच्या अर्धीवर ठेवली आणि फडकं झाकलं.

मला रडू आलं, माय, पण ते मागाहून. आधी मनात आलं की दोन मिळून आख्खी भाकर झाली, रात्रीचं तेवढं पीठ वाचलं.