खोट्या भाच्याला खरा म्हटल्याबद्दल मामांना

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या गुडघ्यांचे कळवावे. कागदावर लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही. (अक्षर माझेच आहे. आईला दाखवून घेतले.)

झाले असे. आमच्या चाव्यांच्या दुकानात पहिली शिकवण ही, की चावीच्या बिल्ल्यावर मालकाचे खरे नाव लिहायचे नाही. चावी पडली तर सापडणाऱ्याला दार कळता कामा नये. फोनवर खाते उघडताना मी हाच नियम पाळला. नाव भलतेच लिहिले, जन्मतारीख चुकीची दिली, चेहऱ्याच्या जागी पितळी कुलपाचा फोटो लावला आणि परक्याला काही दिसणार नाही अशी सोय केली. इतके सुरक्षित खाते आमच्या गल्लीत दुसरे नसेल.

मग कोणीतरी माझे खरे नाव, खरी जन्मतारीख आणि ताईच्या लग्नातला माझा फोटो (ताईने तो साऱ्या जगाला उघडा ठेवला आहे) घेऊन माझ्या नावाने खाते काढले. हा तोतया आहे, अशी मी कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने ओळखपत्र मागितले. मी तत्परतेने पाठवले. त्यावरचे नाव, तारीख, चेहरा, सगळे त्याच्याशी जुळले. बनावट म्हणून माझे खाते बंद झाले.

आता तो ओळखीच्यांना लिहितो, दुकानात यायची तसदी घेऊ नका, चावीचा फोटो पाठवा, दुसरी करून ठेवतो. फोटोवरून चावी करता येते, मामा. काल मालकांनी गिऱ्हाइकांसमोर विचारले, "काय रे, घरफोडीचा जोडधंदा कधीपासून?" तो मी नाही, असे सांगितले. "मग त्याला घालव. नाहीतर शनिवारपासून तूही येऊ नकोस."

खरा कोण हे ठरवायला कंपनीला तीन नातेवाइकांचा शब्द हवा आहे. आईने आणि ताईने माझ्या बाजूने दिला. तुम्ही त्याच्या बाजूने दिलात. फोन केला तर म्हणालात, "तू कोण रे बाबा? माझा भाचा रोज सकाळी माझी चौकशी करतो. तुझ्यासारखा कुलपामागे तोंड लपवून बसत नाही." चौकशी तो करतो, हे खरे आहे.

तरी कृपा करून आपला शब्द बदलावा. लहानांना आशीर्वाद.

आपला (ओळखपत्राप्रमाणे)
भाचा

ता. क. त्याने तुमच्या दाराच्या चावीचा फोटो मागितला तर देऊ नये. मी मागितला तरी देऊ नये.

पुन्हा ता. क. तुम्ही तो परवाच दिलात, असे आई आत्ता म्हणाली. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. नवे कुलूप घेऊन मीच निघालो आहे. पत्र दाराखालून आत सरकवीन. इथवर वाचले असेल तर मी बाहेर उभा आहे. दार उघडावे. मी खरोखर आलो आहे का, हे त्याला फोनवर विचारत बसू नये. तो नाही म्हणेल.