चुकलेले कागद

२ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामीचे गुडघे कसे आहेत? इथे मला एकच घोर आहे. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला चाळीस मुलं होती, त्यातल्या चौदा जणांनी मध्येच सोडलं. यंदाही तसंच झालं तर शाखाच बंद. मुलांना संगणकाची कुठली भाषा आधी शिकवायची, सी की पायथन, हे वीस तारखेच्या बैठकीत मी सांगायचंय. म्हणून पंधरा दिवस एका तुकडीला सी शिकवली, दुसरीला पायथन. दोन्हीकडचे उत्तम पाच-पाच प्रोग्राम सोबत आहेत. सी मी तुमच्याकडूनच शिकले, शिवणयंत्रांच्या दुकानात बसून, त्यामुळे मन तिकडे ओढतं. तुम्हीच काय ते सांगा.

तुमची भाची,
बिट्टी

६ मार्च

चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद.

मामीचे गुडघे तिच्या तोंडाइतके चालत नाहीत, बाकी ठीक.

तुझे उत्तम प्रोग्राम परत पाठवतोय. सगळे चकाचक, मला त्यातून काडीचं कळलं नाही. अगं, तीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली, पण गिऱ्हाइकाकडे चांगली शिवण कधी मागितली नाही. बिघडलेली चिंधी आणा म्हणायचो. यंत्राचं दुखणं तिथे दिसतं. तू चिंध्या फेकून मला सदरा पाठवलास. मुलांचे चुकलेले कागद पाठव. खाडाखोडीसकट, सगळे.

तुझा,
मामा

१५ मार्च

चि. बिट्टीस आशीर्वाद.

गठ्ठा पोचला. चार दिवस जेवणाच्या टेबलावर तोच पसरलाय आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. मामी तुझ्या नावाने काय म्हणाली ते लिहीत नाही.

विचार चुकलेले एका ढिगात ठेवले, नुसती खूण चुकलेले दुसऱ्यात. सीच्या साठांपैकी सत्तेचाळीस खुणांचे निघाले. कुठे अर्धविराम राहिला, कुठे कंस. पायथनच्याही साठांपैकी तसे एकोणीसच, तेही बहुतेक ओळीआधीच्या मोकळ्या जागेचे. बाकीच्यांत मुलं खरोखर विचार करताना अडखळलीत. तिथे मास्तरीण कामाची.

सीवर माझा जीव आहे. चाळिशीत एका जुन्या पुस्तकावरून शिकलो तिला. तरी माझा कौल पायथनला. सी दुसऱ्या वर्षी दे, यंत्राच्या आत काय चालतं ते बघायची भूक लागल्यावर.

एक सीचा कागद वेगळा ठेवलाय. समासात लिहिलंय, मला हे जमणार नाही. बिट्टी, त्या लेकराचा विचार चोख आहे. एक अर्धविराम राहिलाय, आणि संगणक चूक दाखवतोय भलत्याच, खालच्या ओळीत. हे त्याला कुणी सांगितलं का?

तुझा,
मामा

२२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नाही सांगितलं. तो कागद मीच तपासला होता, लाल फुली मारून पुढे गेले होते.

बैठकीत तुम्ही लावून परत पाठवलेले ढीग मांडले. सी आधी नसेल तर मुलं कच्ची राहतील, असं विभागप्रमुख म्हणत होते. समासातली ती ओळ वाचली आणि ढीग स्वतः मोजायला घेतले. मग पहिल्या वर्षी पायथन, दुसऱ्या वर्षी सी, असं ठरलं.

कागद ज्या मुलीचा, तिने वर्ग सोडण्याचा अर्ज कधीच दिला होता. मी तिच्या घरी गेले, फुली माझीच चुकली म्हणून सांगितलं, तुमचं म्हणणं जसंच्या तसं ऐकवलं. आज ती पायथनच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसली. तास संपल्यावर एक प्रोग्राम घेऊन आली, तोही चुकलेला. कुठे चुकलाय ते मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं, आणि उद्या दुसरा आणते म्हणाली.

तुमचा लोभ आहेच, तो असाच वाढू द्या.

तुमची,
बिट्टी